ट्रायच्या सल्लामसलतीला ग्राहकाने उत्तर कसे लिहावे

मोबाइलच्या रिचार्जचा दर कोण ठरवते, असे ठाण्यात किंवा नेरूळमध्ये चार माणसांना विचारले तर कोणी सरकारचे नाव घेतो, कोणी ट्रायचे. प्रत्यक्षात दर कंपन्याच ठरवतात. भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, म्हणजेच ट्रायने, बहुतेक दर अनेक वर्षांपासून कंपन्यांवर सोपवलेले असून, नवी योजना बाजारात आणल्यावर कामकाजाच्या सात दिवसांत ती ट्रायला कळवावी, एवढे बंधन त्यांच्यावर आहे. म्हणूनच जुलै २०२४ मध्ये मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले तेव्हा त्यांना कोणाची पूर्वपरवानगी घ्यावी लागली नाही. दर किती असावा हे असे मोकळे सोडलेले असले, तरी तो कशावरून बदलू नये हे मात्र ट्राय ठरवते, आणि ते ठरवण्यापूर्वी सर्वांना लेखी विचारते. या विचारण्याला सल्लामसलत म्हणतात. तिला फी नाही, वकील लागत नाही आणि उत्तर कोणीही पाठवू शकतो.

मी स्वतः २०१५ साली एक तयार मजकूर त्यातला शब्दही न बदलता ई-मेलने पाठवून दिला होता आणि आपले काम झाले असे समजलो होतो. त्या मजकुरात काय लिहिले होते, हे मला आठवड्याभरानंतर सांगता आले नसते. पुढे सोसायटीतल्या दोघा-तिघांना बरोबर घेऊन उत्तर नीट लिहिण्याचा प्रयत्न केला, तेव्हा हे काम वाटते तितके अवघडही नाही आणि तितके सोपेही नाही, हे कळले. त्याची रीत येथे मांडत आहे.

आधी मुद्दा नेमका ओळखावा

ऐरोली आणि वाशीच्या नाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल ऑक्टोबर २०२४ मध्ये बंद झाला, पण त्याआधीच्या रांगा ठाणेकर आणि नवी मुंबईकर इतक्यात विसरणार नाहीत. मोटारीला एक दर होता आणि ट्रकला दुसरा. दर जास्त आहे ही कुरकुर प्रत्येक जण करीत असे; परंतु नाक्यावरच्या माणसाने काच खाली करायला लावून "कोणाच्या दुकानात चाललात?" असे कधी विचारले नाही, आणि अमुक दुकानात जाणार असाल तर टोल माफ, तमुक दुकानात जाणार असाल तर दुप्पट, असेही कधी झाले नाही. नेट न्यूट्रॅलिटी म्हणजे इंटरनेटच्या नाक्यावर हा प्रश्न न विचारण्याचा नियम. अधिक डेटा किंवा अधिक वेग हवा असेल तर अधिक पैसे घेण्यास या नियमाची हरकत नसते. तो डेटा कोणत्या संकेतस्थळासाठी वापरला, यावरून दर किंवा वेग बदलण्यास असते.

हा शब्दप्रयोग अमेरिकेतील कायद्याचे प्राध्यापक टिम वू यांनी २००३ साली रूढ केला. भारतात तो घरोघरी पोहोचला तो डिसेंबर २०१४ नंतर, जेव्हा एअरटेलने इंटरनेटवरून केलेल्या कॉलसाठी वेगळे पैसे घेण्याची घोषणा केली आणि टीका होताच काही दिवसांत ती मागे घेतली. त्यानंतर ट्रायने २७ मार्च २०१५ रोजी वीस प्रश्नांचे सल्लामसलत पत्र काढले आणि त्याला दहा लाखांहून अधिक ई-मेल गेले. काही निवडक संकेतस्थळे फुकट दाखवणाऱ्या फेसबुकच्या फ्री बेसिक्स या सेवेवरून वाद पेटला तो त्याच वर्षाच्या अखेरीस, आणि ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने डेटा सेवांच्या भेदभावी दरांना मनाई करणारे विनियम जारी केले. आशयावरून, म्हणजे ग्राहक इंटरनेटवर काय पाहतो त्यावरून, दर बदलणाऱ्या कंपनीला दिवसाला ५० हजार रुपये आणि कमाल ५० लाख रुपये दंड त्यात ठेवलेला आहे. वेगाचा प्रश्न त्या विनियमांत नव्हता. तो दूरसंचार विभागाने २०१८ मध्ये परवान्याच्या अटींतून सोडवला आणि एखादा आशय अडवणे, मंद करणे किंवा त्याला झुकते माप देणे या सर्वांना बंदी घातली.

एवढा इतिहास पुरे आहे. तो माहीत असावा लागतो तो एकाच कारणासाठी: जे आधीच मिळालेले आहे तेच मागणारे उत्तर लिहून आपला आणि वाचणाऱ्याचा वेळ घालवू नये.

खरी अडचण येते ती रोजच्या गोष्टींची वर्गवारी करताना. रात्री बारा ते सहा डेटा स्वस्त असेल आणि तो कोणत्याही संकेतस्थळासाठी वापरता येत असेल, तर त्यात भेदभाव नाही. रिचार्जबरोबर एखाद्या चित्रपटांच्या अॅपची वर्गणी फुकट दिली, पण ते अॅप पाहताना डेटा नेहमीसारखाच मोजला जात असेल, तर ती वर्गणीची भेट झाली, डेटाच्या दरातला भेद झाला नाही. त्याच अॅपचा डेटा मोजलाच जाणार नाही असे म्हटले, तर मात्र २०१६ चे विनियम आड येतात. त्यांना दोन अपवाद आहेत. एक म्हणजे इंटरनेटला न जोडलेल्या, कंपनीच्या स्वतःच्या बंद जाळ्यातील सेवा, अर्थात ही पळवाट म्हणून वापरली नसेल तर. आणि दुसरा म्हणजे आणीबाणीच्या प्रसंगी दिलेली सवलत, जी कंपनीने सात कामकाजाच्या दिवसांत ट्रायला कळवावी लागते. रोजचा कोटा संपल्यावर वेग ६४ केबीपीएसवर येणे कितीही चिडवणारे असले, तरी तो सर्व संकेतस्थळांसाठी सारखाच खाली येत असल्यामुळे हा प्रश्न दराचा आहे, न्यूट्रॅलिटीचा नाही.

घोडबंदर रस्त्यावरच्या किंवा खारघरच्या टॉवरांमध्ये राहणाऱ्यांची सर्वांत मोठी तक्रार अशी असते की, बिल्डरने किंवा समितीने एकाच पुरवठादाराला केबल टाकू दिली आहे आणि त्यामुळे तो सांगेल तो दर द्यावा लागतो. ही तक्रार रास्त आहे, पण तिला नेट न्यूट्रॅलिटी म्हणता येणार नाही. ती स्पर्धेच्या अभावाची तक्रार आहे आणि तिचा निकाल बहुधा सोसायटीच्या सर्वसाधारण सभेतच लागू शकतो. उत्तरात ती घालायची असेल तर वेगळ्या परिच्छेदात, वेगळ्या नावाने घालावी. दोन्ही गोष्टी एकत्र कालवल्या की पहिलीचेही वजन जाते.

वेगळी गोष्ट आहे ती जवळच्या सर्व्हरची. ऐरोली, रबाळे, महापे या औद्योगिक पट्ट्यात जी मोठी, खिडक्या नसलेली डेटा सेंटरे उभी राहिली आहेत, तशा ठिकाणी मोठ्या आशय कंपन्या आपल्या व्हिडिओंच्या प्रती ठेवतात, म्हणजे कोपरखैरण्याच्या प्रेक्षकासाठी तोच व्हिडिओ पुन्हा पुन्हा समुद्रापलीकडून आणावा लागत नाही. त्यामुळे मोठे संकेतस्थळ झटकन उघडते आणि छोटे रेंगाळते. हा फरक पुरवठादाराने वाटेत केलेला नसतो, आणि २०१८ च्या अटींमध्येही अशा वितरण जाळ्यांना नियमाबाहेर ठेवलेले आहे. तो न्याय्य आहे की नाही यावर वाद होऊ शकतो. मला तो पैशाचा फायदा वाटतो, पण लबाडी वाटत नाही.

पत्र कसे वाचावे

सल्लामसलत पत्र ट्रायच्या संकेतस्थळावर मिळते. ते इंग्रजीत असते आणि लांबलचक असते. २०१५ चे पत्र ११८ पानांचे होते. पहिल्या पानापासून वाचू लागलेला माणूस तिसऱ्या दिवशी ते सोडून देतो, म्हणून शेवटच्या प्रकरणापासून सुरुवात करावी, कारण सर्व प्रश्न तेथे एकत्र दिलेले असतात. त्यांतले ज्यांच्याबद्दल आपल्याला घरच्या अनुभवावरून काही सांगता येईल असे दोन किंवा तीन प्रश्न निवडावेत आणि मग तेवढ्यांपुरते मागे जाऊन संबंधित प्रकरण वाचावे. परवाना शुल्क, आंतरजोडणी, स्पेक्ट्रम यांवर कंपन्यांचे वकील लिहितीलच. सर्व प्रश्नांची उत्तरे देण्याचे बंधन आपल्यावर नसते.

प्रश्नाला धरून लिहिणे किती महत्त्वाचे आहे, याचा धडा फ्री बेसिक्सच्या वेळी मिळाला. डिसेंबर २०१५ च्या त्या पत्रात फक्त चार प्रश्न होते. फेसबुकने आपल्या वापरकर्त्यांकडून तयार मजकुराची लाखो उत्तरे पाठवली, आणि ट्रायने फेसबुकला लेखी कळवले की या मजकुरात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरेच नाहीत. संख्या डोंगराएवढी होती, पण त्या डोंगरात मुद्दा सापडत नव्हता. प्रामाणिकपणे सांगायचे तर २०१५ मध्ये नेट न्यूट्रॅलिटीच्या बाजूने गेलेल्या तयार ई-मेलांपैकी माझा ई-मेलही एक होता; फरक एवढाच की तो मजकूर तयार करणाऱ्यांनी निदान वीसही प्रश्न वाचलेले होते.

घरातला पुरावा

कंपन्यांकडे आकडे असतात, ग्राहकाकडे बिले असतात, आणि बिले नीट मांडली तर तीही आकडेच होत. सोसायटीतल्या दहा-बारा घरांकडून मागच्या वर्षभराच्या पावत्या मागाव्यात. २८ दिवसांच्या योजनेचे वर्षाला बारा नव्हे तर तेरा रिचार्ज होतात, म्हणून ३०० रुपयांच्या योजनेचा महिन्याचा खरा खर्च ३२५ रुपये पडतो. तीस दिवसांची आणि दर महिन्याच्या त्याच तारखेला येणारी निदान एकेक योजना ठेवावी, असे ट्रायने २०२२ मध्ये सांगितले ते याच तक्रारीमुळे. घरच्या ब्रॉडबँडच्या जाहिरातीत ६०० रुपये लिहिलेले असतात, त्यावर १८ टक्के जीएसटी लागून ७०८ होतात. सेट-टॉप बॉक्स, राउटरची अनामत, सहा महिन्यांचे आगाऊ पैसे हे सर्व वेगळ्या रकान्यात लिहावे.

जाहीर दर पडताळण्यासाठी ट्रायचे टॅरिफ पोर्टल आहे. तेथे एक चूक हमखास होते: माणूस राज्य म्हणून महाराष्ट्र निवडतो. दूरसंचाराच्या नकाशात मुंबई हे स्वतंत्र सेवा क्षेत्र असून ठाणे आणि नवी मुंबई त्यात मोडतात. महाराष्ट्र निवडले तर पुण्या-नाशिकच्या योजना समोर येतात, आणि त्या आपल्या योजनांसारख्या असल्या तरी उत्तरात चुकीच्या क्षेत्राचा दाखला देणे बरे नव्हे.

वेगाची मोजणी करायची असेल तर अधिक काळजी घ्यावी लागते. एकदा मी एक व्हिडिओ संकेतस्थळ मुद्दाम मंद केले जात असल्याच्या खात्रीने आठवडाभर नोंदी ठेवल्या, आणि शेवटी दोष निघाला तो चपलांच्या लाकडी कपाटामागे दडवलेल्या आमच्याच जुन्या राउटरचा. तेव्हापासून मी संगणक राउटरला तारेने जोडूनच मोजतो. सकाळ, दुपार आणि रात्री दहाच्या गर्दीची वेळ अशा तीन वेळा, निदान सात दिवस मोजावे. ट्रायचे मायस्पीड अॅप एकूण वेग दाखवते. एखाद्याच सेवेला मंद केले जात आहे काय, हे तपासण्यासाठी अमेरिकेतील नॉर्थईस्टर्न विद्यापीठाचे वेही हे अॅप आहे, जे एखाद्या अॅपच्या वाहतुकीची नक्कल एकदा उघड रूपात आणि एकदा ओळख पटणार नाही अशा रूपात पाठवून दोन्ही वेगांची तुलना करते. जाहिरातीतला १०० एमबीपीएस हा आकडा बिटचा असतो, तर फाइल उतरवताना संगणक बाइट दाखवतो आणि एका बाइटमध्ये आठ बिट असतात. त्यामुळे साडेबारा मेगाबाइटचा वेग दिसला तर ती फसवणूक नसून पूर्ण १०० आहे. वर सांगितलेले जवळच्या सर्व्हरचे कारणही ध्यानात ठेवावे. मोजणीतून फरक दिसला, पण कारण कळले नाही, तर उत्तरात तेवढेच लिहावे.

उत्तराची मांडणी

सध्या सर्वांत तापलेला प्रश्न नेटवर्कच्या खर्चाचा आहे, म्हणून त्याचेच उदाहरण घेतो. जुलै २०२३ मध्ये ट्रायने इंटरनेटवरून संपर्क सेवा देणाऱ्या अॅपच्या नियमनाबद्दल पत्र काढले, तेव्हापासून दूरसंचार कंपन्यांची संघटना असे मांडत आली आहे की, थोड्या बड्या आशय कंपन्यांमुळे जाळ्यावर मोठा भार पडतो, टॉवर आणि फायबर मात्र आम्ही उभारतो, तेव्हा त्यांनी खर्चाचा न्याय्य वाटा उचलावा. हा युक्तिवाद हसण्यावारी नेण्यासारखा नाही. ५जीचा खर्च मोठा आहे, आणि भार कोण निर्माण करतो हा प्रश्न रास्त आहे.

त्याला उत्तर देताना "इंटरनेट सर्वांचे आहे" अशा वाक्याने सुरुवात करू नये. ते वाक्य खरे असले तरी त्यावर कोणाला काहीच करता येत नाही. त्याऐवजी असे लिहावे: "आम्ही ठाणे पश्चिमेतील बारा कुटुंबांची वर्षभराची बिले जोडली आहेत. आम्ही डेटासाठी पैसे भरतो ते याच व्हिडिओ सेवा पाहण्यासाठी. भार त्या कंपन्या आमच्यावर लादत नाहीत, आम्ही मागवतो, आणि मागवलेल्या डेटाचे पैसे आम्ही आधीच दिलेले आहेत. आशय कंपनीकडूनही त्याच डेटाचे पैसे घेतले, तर एकाच मालाचे दोन वेळा पैसे होतील आणि दुसऱ्यांदा घेतलेले पैसे वर्गणीच्या रूपाने पुन्हा आमच्याकडूनच वसूल होतील." यानंतर एक बाहेरचा दाखला द्यावा, पण एकच आणि पक्का. दक्षिण कोरियात जाळ्याचे शुल्क आकारण्याची पद्धत आहे, आणि तो खर्च परवडत नसल्याचे सांगून ट्विच या थेट प्रक्षेपणाच्या सेवेने फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथला व्यवसाय बंद केला. अमेरिकेचा दाखला शक्यतो टाळावा. तेथे २०१५ मध्ये नियम आले, २०१७ मध्ये ते रद्द करण्याचे ठरले, २०२४ मध्ये पुन्हा आले आणि जानेवारी २०२५ मध्ये न्यायालयाने ते मोडीत काढले, त्यामुळे तो दाखला कोणत्याही बाजूने वापरता येतो.

प्रत्येक उत्तराच्या वर प्रश्नाचा क्रमांक लिहावा, पहिल्याच वाक्यात होय किंवा नाही सांगावे, मग कारण, मग पुरावा. मसुदा आधी मराठीतच करावा, कारण आपल्या भाषेत जो मुद्दा लंगडा वाटतो तो इंग्रजीत भारदस्त शब्दांखाली लपून बसतो. मराठीत उभा राहिला की मग त्याचे भाषांतर करावे. एका प्रश्नाला पाऊण पान पुष्कळ झाले.

पाठवण्यापूर्वी आणि पाठवल्यानंतर

आलेली उत्तरे ट्राय आपल्या संकेतस्थळावर प्रसिद्ध करते. एप्रिल २०१५ मध्ये तर लाखो लोकांचे ई-मेल पत्ते उत्तरांसह जसेच्या तसे सर्वांसमोर आले होते आणि त्यावर मोठा गदारोळ झाला. म्हणून या कामासाठी वेगळा ई-मेल पत्ता काढावा, उत्तरात मोबाइल क्रमांक किंवा सदनिकेचा क्रमांक घालू नये, आणि जोडलेल्या बिलांवरची नावे व ग्राहक क्रमांक काळ्या पट्टीने झाकावेत.

स्वतःच्या जोडणीबद्दलची तक्रार या उत्तरात घालू नये. व्यक्तिगत तक्रारी ट्राय सोडवत नाही. त्यासाठी कंपनीच्या तक्रार केंद्राकडून तक्रार क्रमांक घ्यावा, समाधान न झाल्यास तीस दिवसांच्या आत कंपनीच्याच अपील प्राधिकरणाकडे विनाशुल्क अपील करावे, आणि तेथेही काही न झाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे, जेथे पाच लाख रुपयांपर्यंतच्या प्रकरणाला फी नाही. दूरसंचाराची तक्रार ग्राहक आयोगात चालते, हे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२२ मध्ये स्पष्ट केले आहे. वाशी-नेरूळकरांसाठी हा आयोग ठाणे जिल्ह्याचा. खारघर आणि कामोठे मात्र नवी मुंबई म्हणवत असले तरी रायगड जिल्ह्यात येतात, हे अर्ज लिहिताना विसरू नये.

उत्तरांची मुदत संपल्यानंतर प्रतिटिप्पणीसाठी, म्हणजे इतरांच्या उत्तरांवर लिहिण्यासाठी, आणखी थोडे दिवस मिळतात, आणि माझ्या मते ग्राहकाने सर्वाधिक कष्ट येथे घ्यावेत. तोपर्यंत कंपन्यांची उत्तरे प्रसिद्ध झालेली असतात. त्यांत एखादे विधान असे असते की ते आपल्या बिलांशी ताडून पाहता येते. "सर्व ग्राहकांना परवडणाऱ्या योजना उपलब्ध आहेत" असे कोणी लिहिले असेल, तर बारा घरांचा तक्ता त्याच्याशेजारी ठेवावा, एका पानात, परिच्छेदाचा क्रमांक देऊन. त्यानंतर खुली चर्चा होते. तिची सूचना संकेतस्थळावर लागते. अशा चर्चा आता बऱ्याचदा ऑनलाइनही होतात, त्यामुळे त्यासाठी दिल्ली गाठावी लागेलच असे नाही. बोलायला मिळतात ती दोन-तीन मिनिटे, म्हणून एकच मुद्दा घ्यावा.

अंतिम विनियम निघाल्यावर त्यांच्याबरोबर एक स्पष्टीकरणात्मक टिपण जोडलेले असते. ते औपचारिकता म्हणून लिहिलेले नसते: कॉल ड्रॉपसाठी ग्राहकाला एक रुपया भरपाई देण्याचे ट्रायचे विनियम सर्वोच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये रद्द केले, आणि त्याच्या कारणांमध्ये निर्णयप्रक्रियेतल्या पारदर्शकतेचा अभाव हेही एक होते. त्यामुळे आलेल्या मुद्द्यांपैकी कोणते स्वीकारले आणि कोणते का नाकारले, याची चर्चा या टिपणात करावी लागते. आपण ज्या प्रश्नाचे उत्तर दिले होते त्याचा भाग काढून पाहावा. नाव सापडणार नाही. "काही संबंधितांचे म्हणणे असे आहे की" अशा शब्दांनी सुरू होणारी वाक्ये असतील, त्यांत २८ दिवसांचा हिशोब किंवा दोनदा पैसे घेतल्याचा मुद्दा आला आहे का, ते शोधावे.